मनगटावरचा दिवा

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक घड्याळ सापडलं. पत्र्याच्या डब्यात तुटके पट्टे, बंद पडलेली चावीची घड्याळं, सुटे काटे असा ढीग होता आणि तळाशी हे. स्टीलची जाडजूड केस, काळसर वाटावी इतकी गडद लाल काच, उजव्या कडेला एकच बटण. काटे नाहीत, आकडे नाहीत, चावी नाही. काचेवरचं नावही अर्धं पुसलेलं. घरी आणून मागचं झाकण उघडलं. हाताशी एकच नवा सेल होता. आपली नेहमीची घड्याळं एका सेलवर चालतात, म्हणून तो टाकला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते घेऊन आमच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, चिमट्याने आतली पितळी पट्टी जरा वर उचलली आणि म्हणाले, "अहो, याला दोन सेल लागतात. एकावर नाही पेटायचं हे."

दोन सेल बसवून त्यांनी बटण दाबलं. काचेच्या आत खोलवर डाळिंबाच्या दाण्यासारखे लाल आकडे उमटले आणि बघता बघता विझले. पुन्हा दाबलं, पुन्हा उमटले. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं होती, तीही वाकून पाहू लागली.

घरी येताना घड्याळजींचा तो शब्द डोक्यात घोळत राहिला. घड्याळ चालतं, बंद पडतं, मागे पडतं, पुढे जातं. ते पेटत नाही. पेटतो तो दिवा. पण त्यांनी नेमकं क्रियापद वापरलं होतं. १९७०च्या दशकातलं एलईडी घड्याळ हा खरोखरच मनगटावर बांधलेला दिवा आहे, आणि दिवा म्हटला की तेलाचा हिशेब आला. या घड्याळांच्या ज्या चमत्कारिक तऱ्हा जमवणाऱ्यांना वेड लावतात, त्यांतल्या बहुतेक सगळ्या त्या एका हिशेबातून निघाल्या आहेत.

आधी दोन सेलांचं कोडं सोडवू. एलईडी म्हणजे विजेचा प्रवाह गेला की प्रकाश देणारा अर्धवाहकाचा बारीक तुकडा. डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये निक होलोन्याक यांनी तयार केला. गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या मिश्र स्फटिकातून तो प्रकाश निघतो, आणि त्या काळात व्यवहारात परवडेल असा रंग लालच होता. म्हणून या पिढीतली जवळजवळ सगळी घड्याळं लाल. हा लाल एलईडी पेटायला सुमारे १.६ व्होल्ट लागतात. घड्याळाचा सिल्व्हर ऑक्साइड सेल देतो १.५५. म्हणजे अगदी उंबरठ्यावर येऊन अडतो. म्हणून दोन सेल एकामागे एक जोडावे लागतात आणि म्हणूनच ही घड्याळं जाडजूड असतात.

व्होल्टचा प्रश्न असा सुटला, पण तेल किती जळतं हा प्रश्न राहिलाच. आतलं यंत्र फार अल्पसंतुष्ट असतं. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, चिप त्या संख्येची पंधरा वेळा निमपट करते आणि शेवटी बरोबर सेकंदाला एक ठोका हाती येतो. या मोजणीला लागणारी वीज नगण्य. पण आकडे पेटवायचे तर तिच्या हजारो पट वीज लागते. आकडे सतत पेटते ठेवले तर सेल काही तासांतच संपतील. म्हणून घड्याळ मोजत राहतं, पण बोलत नाही. बटण दाबलं की बोलतं आणि पुन्हा गप्प होतं. जगातल्या पहिल्या एलईडी मनगटी घड्याळात, म्हणजे पल्सरमध्ये, आकडे सव्वा सेकंद पेटत. समजा माणसाने दिवसातून २५ वेळा वेळ पाहिली, तर दिवसाचा उजेड झाला ३१ सेकंदांचा. वर्षाचा मिळून सुमारे ३ तास १० मिनिटं. एवढ्या मोठ्या वर्षात घड्याळाचा तोंडवळा दिसतो तो साधारण एका हिंदी सिनेमाइतका वेळ, बाकी सगळा काळ ते लाल काचेमागे अंधारात असतं.

हे पल्सर कसं आलं ती गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकॅस्टर नावाचं गाव आहे. तिथली हॅमिल्टन कंपनी रेल्वेच्या अचूक खिशातल्या घड्याळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या १९६८च्या चित्रपटासाठी भविष्यातलं वाटेल असं घड्याळ करून देण्याचं काम या कंपनीकडे आलं होतं. त्या कामातूनच हॅमिल्टनच्या जॉन बर्गी यांच्या मनात काट्यांशिवायच्या घड्याळाने घर केलं. टेक्सासमधल्या इलेक्ट्रो-डेटा या छोट्या कंपनीला सोबत घेऊन त्यांनी नमुना उभा केला आणि मे १९७० मध्ये तो जगासमोर आणला. जॉनी कार्सन यांच्या 'टुनाइट शो'मध्येही तो दाखवला गेला. नाव ठेवलं पल्सर. आकाशात ठरावीक तालाने स्पंद पाठवणारे पल्सर तारे १९६७ मध्येच जोसलिन बेल यांना सापडले होते, त्यांच्यावरून. नाव निवडणाऱ्याला दाद द्यावी असं हे नाव आहे. ते तारेही सतत पेटलेले दिसत नाहीत, स्पंदांनीच भेटतात.

नमुना आणि विक्रीचं घड्याळ यांत दोन वर्षं गेली. डझनावारी चिप केसाहून बारीक तारांनी एकमेकींना जोडून मनगटावर मावतील इतक्या जागेत बसवणं हे तेव्हा कोणी केलेलं नव्हतं. शेवटी ४ एप्रिल १९७२ला पल्सर विक्रीला आलं. १८ कॅरट सोन्याच्या केसमध्ये, किंमत २,१०० डॉलर. तेवढ्या पैशांत अमेरिकेत तेव्हा छोटी नवी मोटार येत असे. या पहिल्या आवृत्तीची ४०० घड्याळं झाली. जमवणारे तिला पी-वन म्हणतात, आणि तिचं नाव निघालं की आवाज आपोआप खाली येतो.

पुढच्या वर्षी स्टीलमधलं पी-टू आलं आणि ते घराघरांत पोचलं पडद्यावरून. १९७३च्या 'लिव्ह अँड लेट डाय'मध्ये रॉजर मूर यांचा बाँड पहाटे जागा होतो, बटण दाबतो आणि ५:४८ हे आकडे लाल उजळतात. अंधाऱ्या खोलीतलं ते दृश्य या घड्याळासाठीच लिहिल्यासारखं आहे, कारण अंधारातच त्याचं सौंदर्य कळतं. भर उन्हात हे आकडे फिके पडतात, हाताचा आडोसा करून पाहावे लागतात. गडद लाल काच त्यासाठीच असते. ती आतला लाल प्रकाश बाहेर जाऊ देते आणि बाहेरचे बाकीचे रंग अडवते. शिवाय पल्सरच्या आकड्यांशेजारी प्रकाश ओळखणारा एक बारीक डोळाही आहे. उजेडात तो आकडे तेज करतो, अंधारात मंद. तेल वाचवायचं आणि डोळेही दिपू द्यायचे नाहीत.

पी-टू हातात घेतलं की आणखी एक गोष्ट लक्षात येते. वेळ लावायला चावी नाही. मग वेळ कशी लावायची? धातूच्या पट्ट्याच्या कडीत एक चिमुकली लोहचुंबकाची कांडी लपवलेली असते. ती काढायची आणि केसच्या मागच्या बाजूला असलेल्या खोबणीत ठेवायची. तासांची खोबण वेगळी, मिनिटांची वेगळी. केसच्या आत चुंबकाने मिटणाऱ्या कळा आहेत, त्या बंद झाल्या की आकडे सरकू लागतात. बाजूचं बटणही तसंच, त्याच्यातही चुंबक. केसला भोक पाडून आत जाणारी कांडी नाही, म्हणून पाणी आत शिरायला वाट नाही. आज पी-टू विकत घेताना लोक काच पाहतात, केसवरचे ओरखडे पाहतात आणि कडीतला चुंबक जागेवर आहे का हे पाहायला विसरतात. तो नसला तरी दुसऱ्या चुंबकाने काम भागतं, पण रिकामी कडी मनाला लागते.

बटणाने तेलाचा प्रश्न सोडवला आणि दुसराच निर्माण केला. वेळ पाहायला दोन हात लागू लागले. एका मनगटावर घड्याळ, दुसऱ्या हाताने बटण. ज्याच्या हातात पिशवी आहे, छत्री आहे, मूल आहे, स्टिअरिंग आहे, त्याने काय करायचं? या अडचणीतून पुढची सगळी गंमत सुरू झाली. पल्सरनेच मनगट झटकलं की आकडे पेटतील अशी घड्याळं काढली. आत झटक्याने मिटणारी कळ बसवली. काहींनी घड्याळाचा तोंडवळाच वळवला. १९७६ मध्ये बुलोव्हाने कॉम्प्युट्रॉन आणलं. ते वरून पाहिलं तर कोरा धातूचा उतार दिसतो, छपरासारखा. आकडे आहेत समोरच्या कडेला, मोटार चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे तोंड करून. हात स्टिअरिंगवर असताना मनगट वळवावं लागत नाही. त्याच वर्षीचं स्वित्झर्लंडच्या जिरार-पेरेगोचं कास्केतही असंच कडेने बोलणारं, जणू अर्धी कापलेली नळी. माक्रोलॉन नावाच्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये, स्टीलमध्ये आणि सोन्याच्या मुलाम्यात मिळून त्याची ८,२०० घड्याळं झाली. दोन्ही देखणी आहेत, पण माझ्या मते दोघांनी प्रश्न अर्धाच सोडवला. मनगट वळवणं वाचलं, तरी बटण दाबायला दुसरा हात स्टिअरिंगवरून काढावा लागतोच.

मला या सगळ्यांत सर्वांत प्रिय आहे ते सिंक्रोनार २१००. रॉजर रील या एका माणसाने एलईडीच्या दुखण्यावर मुळातून औषध शोधलं. तेल सारखं संपतं ना, मग ते सूर्याकडून घ्यावं. घड्याळाच्या माथ्यावर सौर पट्ट्या, आत पुन्हा भरता येणारे सेल, आणि आकडे कडेला. कडेला का, तर माथा उन्हाकडे राहावा आणि आकड्यांवर सावली पडावी. एका रचनेत दोन उपाय. सगळं यंत्र त्याने पारदर्शक कठीण प्लॅस्टिकच्या केसमध्ये ओतीव थरात पुरून टाकलं. बटणं म्हणजे सरकणारे चुंबक, म्हणून पाण्याखालीही चालणारी. आणि पंचांग थेट सन २१००पर्यंत भरलेलं, लीप वर्षांसकट. नावातला आकडा तिथून आला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एक माणूस बसून अशा सालापर्यंतच्या तारखा घड्याळात भरतो, जे साल पाहायला तो स्वतः असणार नाही. जमवणाऱ्याच्या दृष्टीने या घड्याळाचं दुखणं त्याच्या गुणातच आहे. आतले सेल म्हातारे झाले की ते काढायला त्या ओतीव थरात हात घालावा लागतो, आणि ते फार थोड्यांना जमतं.

ब्रिटनचं ब्लॅक वॉच नेमकं उलट्या टोकाला. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९७५ मध्ये ते काढलं. काळ्या प्लॅस्टिकची निमुळती, बटण दिसणारही नाही अशी केस, आणि घरी स्वतः जोडायचा संच १७.९५ पौंडांना. दिसायला ते आजही नवं वाटतं. पण सेल दहा दिवसांच्या आसपास टिकत. हवामान बदललं की वेग बदले. नायलॉनच्या शर्टातून किंवा गालिच्यातून आलेल्या स्थिर विजेने चिप मरून जात. हजारो घड्याळं परत आली आणि कंपनीला त्याचा जबर फटका बसला. या इतिहासामुळेच चालू स्थितीतलं ब्लॅक वॉच हाती लागणं ही आज मोठी गोष्ट आहे. न जोडलेला मूळ संच मिळाला तर तो जोडू नये, असं मला वाटतं. त्याच्या सुट्या तुकड्यांतच त्या काळचा उत्साह शाबूत आहे.

१९७५ सालच्याच ह्युअर क्रोनोस्प्लिटमध्ये दोन पडदे होते. नेहमीची वेळ एलसीडीवर, सतत दिसणारी. स्टॉपवॉचचे आकडे एलईडीवर, गरज असेल तेव्हाच पेटणारे. एलसीडी स्वतः प्रकाश देत नाही, बाहेरच्या उजेडात फक्त काळी-करडी होते, म्हणून तिला तेल जवळजवळ लागतच नाही. पुढे काय होणार हे त्या एका घड्याळाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

त्याआधी मात्र एलईडीने एक शेवटची मोठी उडी घेतली. १९७५च्या अखेरीस पल्सरचं गणकयंत्र असलेलं सोन्याचं घड्याळ आलं, ३,९५० डॉलरचं. अमेरिकेचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आधीपासून पल्सर वापरत. त्यांना नाताळला हे नवं हवं होतं, तेव्हा बेटी फोर्ड यांनी किंमत ऐकून नकार दिल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. १९७७ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने एचपी-०१ काढलं. मनगटावर २८ कळा. त्यांतल्या बहुतेक इतक्या बारीक की बोटाने दाबता येत नाहीत, त्यासाठी पट्ट्याच्या कडीत एक टोकदार कांडी. स्टीलचं ६५० डॉलरला. सेल तीन, त्यांतले दोन नुसत्या आकड्यांच्या उजेडासाठी. या घड्याळाची एक करामत मला आजही थक्क करते. त्यात चालू वेळेशी गणित करता येतं. समजा लांबच्या गावी फोन लावला आहे. मिनिटाचा दर घड्याळात घातला, स्टॉपवॉच सुरू केलं आणि दोघांचा गुणाकार मागितला, की बोलणं चालू असताना बिलाची रक्कम आकड्यांत चढताना दिसते. तोवर घड्याळाने वेळ सांगितली होती. वेळेची किंमत चढताना दाखवणारं हे घड्याळ माझ्या पाहण्यात तरी पहिलंच.

आणि मग सगळं कोसळलं, तेही झपाट्याने. चिप स्वस्त होत गेल्या तशा चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःच घड्याळं काढायला सुरुवात केली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९७६ मध्ये प्लॅस्टिकचं एलईडी घड्याळ १९.९५ डॉलरला आणलं आणि पुढच्याच वर्षी ९.९५ला. पाच वर्षांत २,१०० डॉलरवरून दहा डॉलरवर. सोन्याच्या पेढीवर मिळणारी वस्तू औषधाच्या दुकानातल्या गल्ल्याशेजारी टांगली गेली. इंटेललाही या बाजाराने पोळलं. त्यांनी १९७२ मध्ये विकत घेतलेली मायक्रोमा ही घड्याळाची कंपनी मोठा तोटा सोसून सोडून दिली. इंटेलचे गॉर्डन मूर पुढे कित्येक वर्षं आपलं मायक्रोमा हातात घालत आणि त्याला दीड कोटी डॉलरचं घड्याळ म्हणत. सतत दिसणारी, सेल वर्षानुवर्षं टिकवणारी एलसीडी आली आणि दशक संपता संपता एलईडीचा बाजार उठला. पल्सर हे नाव जपानच्या सेइकोकडे गेलं.

आपल्याकडे या घड्याळांचा काळ फार थोडा आणि आडवाटेचा. आयातीवर कडक बंधनं होती. मनगटी घड्याळ म्हणजे एचएमटीचं, चावीचं, दहावी पास झाल्यावर किंवा लग्नात मिळालेलं. लाल आकड्यांचं घड्याळ यायचं ते परदेशातून आलेल्या कोणाच्या बॅगेतून, बोटीवर नोकरी करणाऱ्या कोणाच्या हातावरून, नाहीतर मुंबईच्या चोरट्या मालाच्या बाजारातून. सेल संपले की ते कपाटात जायचं, कारण इतके सेल कोण पुरवणार? त्यामुळे मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात आज जे तुकडे हाती लागतात ते बहुधा जुन्या कपाटांतून आलेले, थोडे वापरलेले आणि फार दिवस विसरलेले असतात. फार थोडे वापरलेले असणं ही चांगली गोष्ट. विसरलेले असणं ही वाईट, कारण विसरताना सेल आत राहिलेले असतात.

जमवायला बसलेल्याने पहिली गोष्ट पाहायची ती ही. झाकण उघडलं की सेलच्या खाचेत पांढरा किंवा हिरवट बुरा आहे का? सेलमधून झिरपतो तो क्षार. कापसाच्या बोळ्याला पांढऱ्या व्हिनेगरचा एखादा थेंब लावून तो हलक्या हाताने पुसायचा, मग स्पिरिटने. खाचेपलीकडे, चिपच्या बाजूला मात्र बोळा न्यायचा नाही. तिथल्या सोन्याच्या तारा केसाहून बारीक असतात; चिमटा नुसता टेकला तरी तुटतात आणि मग ते घड्याळ कोणाच्याच हातून दुरुस्त होत नाही.

झाकण उघडण्याचं दुसरं कारण म्हणजे आतलं मशीन. त्या काळात ह्यूजसारखी कंपनी तयार मशीन बनवून अनेकांना विकत असे आणि त्या एकाच मशीनवर वेगवेगळ्या नावांच्या केस चढत. ओमेगाचं एलईडी घड्याळसुद्धा पल्सरच्याच मशीनवर चालत असे. काचेवरच्या नावाला भुलून पैसे मोजण्याआधी आत कोण आहे ते पाहिलेलं बरं. उलट, सोव्हिएत 'एलेक्ट्रोनिका-१' किंवा स्वित्झर्लंडचं अमिडा डिजिट्रेंड यांच्या आत डोकावलं की जग वेगळंच दिसतं. डिजिट्रेंड तर एलईडी नाहीच. ते चावीचं घड्याळ आहे. आत आकड्यांच्या चकत्या फिरतात आणि लोलक त्यांची प्रतिमा कडेच्या खिडकीत उभी करतो. १९७६ मध्ये लोकांना कडेने दिसणारे आकडे इतके आवडले होते की एका कारागिराने दिवा न लावताच दिव्याचा भास उभा केला. माझ्या दृष्टीने एलईडीच्या कोणत्याही संग्रहात त्याला जागा हवी.

सेल घेताना काटकसर करू नये. दुकानात याच मापाचे स्वस्त अल्कलाइन सेल मिळतात, एलआर-४४ नावाचे. ते बसतात, पण बटण दाबताच लागणारा जोराचा प्रवाह त्यांना झेपत नाही. आकडे फिके येतात आणि सेल लवकर झिरपतात. ३५७ क्रमांकाचे सिल्व्हर ऑक्साइडचे मागून घ्यावेत. जुन्या पल्सरमध्ये ३५५ क्रमांकाचे मोठे सेल असत. ते आता बनत नाहीत, म्हणून त्यांच्या खाचेत कडं बसवून ३५७ वापरतात.

आता आकड्यांची परीक्षा. प्रत्येक आकडा सात रेघांनी बनतो आणि रेघ गेली की घड्याळ बंद पडत नाही, खोटं बोलू लागतं. इंग्रजी आठमधली मधली रेघ विझली की शून्य होतं. वरची उजवी गेली की सहा, खालची डावी गेली की नऊ. सातची माथ्यावरची रेघ गेली की एक. विकणारा बटण दाबून एकदा वेळ दाखवतो आणि म्हणतो, बघा, चालू आहे. तेवढ्याने समाधान मानू नये. बटण दाबून धरावं म्हणजे सेकंद धावू लागतात. एककाच्या जागी आठ येईपर्यंत पाहावं. आठमध्ये सातही रेघा लागतात. दशकाच्या जागी आठ कधीच येत नाही, तिथे पाचाच्या पुढे आकडा जात नाही. तिथे शून्य आणि दोन पाहिले की पुरे. शून्यात कडेच्या सहा रेघा दिसतात आणि दोनमध्ये मधली.

आणखी एक गोष्ट करून पाहावी, ती परीक्षेसाठी नव्हे, नुसत्या आनंदासाठी. रात्री दिवे घालवावेत, बटण दाबून धरावं आणि मनगट झपकन हवेत फिरवावं. सलग दिसणारे आकडे तुटून हवेत वेगवेगळे टांगल्यासारखे दिसतात. कारण ते खरोखरच एका वेळी पेटलेले नसतात. चिप त्यांना एकामागून एक इतक्या वेगाने पेटवत-विझवत असते की स्थिर डोळ्याला ते एकत्र वाटतात. तारा कमी लागाव्यात म्हणून केलेली ही युक्ती आहे. सव्वा सेकंदाच्या उजेडाच्या आतसुद्धा अंधार असा भरलेला असतो.

जपून ठेवताना सेल काढून ठेवावेत. माझ्या खणात आता अकरा एलईडी घड्याळं आहेत आणि त्यांतल्या दहांना वेळ माहीत नसते. एकातच सेल असतात, जुन्या बाजारातल्या त्या पहिल्या घड्याळात. त्याच्या मिनिटांच्या एककाची खालची डावी रेघ विझलेली आहे. घड्याळजींनी भिंगातून पाहून सांगितलं की आतली तार तुटली आहे, हात लावलात तर बाकीच्याही जातील. म्हणून तसंच ठेवलं. त्यामुळे आठ आणि नऊ त्यात सारखेच दिसतात. रात्री जाग आली, बटण दाबलं आणि शेवटी नऊ दिसला, की मी मिनिटभर अंधारात थांबतो आणि पुन्हा बटण दाबतो.